मोफत मुक्कामासाठी हॉटेलचा लॉयल्टी प्रोग्रॅम कसा निवडावा

हॉटेलांच्या लॉयल्टी प्रोग्रॅमची, म्हणजे राहण्याच्या खर्चावर पॉइंट देऊन त्यांच्या बदल्यात मोफत रात्री देणाऱ्या योजनेची, निवड करताना बहुतेक जण आधी विचारतात की एका डॉलरला किंवा शंभर रुपयांना किती पॉइंट मिळतात. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. मोफत रात्र आपल्याला कोणत्या गावी, कोणत्या महिन्यात आणि किती माणसांसाठी हवी आहे, हे आधी ठरवावे. मग त्या गावी कोणत्या साखळीचे हॉटेल आहे, तिथली खोली किती पॉइंटांना मिळते आणि आपल्या वर्षभराच्या प्रवासातून तेवढे पॉइंट जमतील का, असा उलट दिशेने हिशेब मांडावा. हा हिशेब कागदावर मांडला की सात-आठ प्रोग्रॅमपैकी पाच-सहा आपोआप गळून पडतात.

पहिली चाळणी नकाशाची आहे. मागील वर्षभरात आपण ज्या गावांत पैसे देऊन हॉटेलात राहिलो त्यांची यादी करावी आणि पुढे जिथे फिरायला जायचे आहे ती ठिकाणे तिला जोडावीत. महाराष्ट्र आणि गोव्यापुरते पाहिले तर मॅरियटचे जाळे रुंद आहे. मुंबई आणि पुण्यात तर त्यांची अनेक हॉटेले आहेतच, शिवाय नाशिकला कोर्टयार्ड, नागपूर आणि महाबळेश्वरला ले मेरिडियन, गोव्यात मिरामारचे मॅरियट आणि वागातोरचे डब्ल्यू आहे. मुंबईतील आयटीसी मराठा आणि आयटीसी ग्रँड सेंट्रल ही हॉटेलेही लक्झरी कलेक्शन या नावाखाली मॅरियटच्या प्रोग्रॅमशी जोडलेली आहेत. मॅरियटने २०२५ मध्ये 'सिरीज बाय मॅरियट' ही नवी शृंखला फर्न हॉटेलांच्या साथीने भारतातून सुरू करण्याची घोषणा केली. फर्नचा वावर लहान शहरांतही असल्यामुळे जिल्ह्याच्या गावी कामानिमित्त फिरणाऱ्यांनी या बदलाकडे लक्ष ठेवावे.

हयात आणि हिल्टन यांची हॉटेले आपल्याकडे त्या मानाने मोजकी आहेत, पण ती मोक्याच्या जागी आहेत. पुण्यात कल्याणीनगर, विमाननगर आणि हिंजवडी या तिन्ही भागांत हयात आहे आणि गोव्यात बांबोळीला ग्रँड हयात आहे. हिल्टनचे मुंबईत विमानतळाजवळ, पुण्यात कॉनराड आणि चिंचवडला डबलट्री अशी हॉटेले आहेत. अ‍ॅकोरची विमाननगरला नोव्होटेल आणि आयबिस, मुंबईत जुहूला नोव्होटेल आणि वांद्रे-कुर्ला संकुलात सोफिटेल आहे. रॅडिसन नागपूर, नाशिक, अलिबाग आणि कर्जतला आहे. ताज समूहाचा पसारा तर ताजपासून व्हिवांता आणि जिंजरपर्यंत आहे.

ज्यांचा बहुतेक प्रवास कोकणात, अष्टविनायकाला, पंढरपूर-अक्कलकोटला किंवा एमटीडीसीच्या निवासांत होतो, त्यांना यांतील कोणताही प्रोग्रॅम फारसा उपयोगी नाही. साखळीचे हॉटेल मिळावे म्हणून वाट वाकडी करणे किंवा दोन हजार रुपयांत चांगली सोय होत असताना सात हजार मोजणे, यात मोफत रात्रीची किंमत आपण आधीच चुकती केलेली असते.

पॉइंटाचे रुपयांत मोल

गावांची चाळणी झाल्यावर हिशेबाला बसावे. समजा, पुण्यात कामासाठी महिन्यातून दोन रात्री राहावे लागते आणि खोलीचे मूळ भाडे रात्रीला ७,२०० रुपये आहे. वर्षाच्या २४ रात्रींचे १,७२,८०० रुपये होतात. पॉइंट मूळ भाड्यावर मिळतात, जीएसटीवर मिळत नाहीत, म्हणून कराची रक्कम इथे धरायची नाही. सोयीसाठी डॉलर ९० रुपये आणि युरो १०० रुपये मानू.

मॅरियट, हिल्टन आणि आयएचजी (हॉलिडे इन वगैरे हॉटेलांची साखळी) यांच्या बहुतेक हॉटेलांत मूळ, म्हणजे कोणताही वरचा दर्जा नसलेल्या, सदस्याला एका डॉलरला १० पॉइंट मिळतात, म्हणजे वर्षाचे १९,२०० पॉइंट झाले. हयातमध्ये एका डॉलरला ५ पॉइंट मिळतात, म्हणून तिथे ९,६०० पॉइंट जमतील. अ‍ॅकोरमध्ये सोफिटेल, नोव्होटेल, मर्क्युअर यांसारख्या हॉटेलांत १० युरोला २५ पॉइंट मिळतात, म्हणजे ४,३२० पॉइंट होतील. ताजच्या इनरसर्कल न्यूपासमध्ये खर्चाच्या ५ टक्के न्यूकॉइन (ताजचे पॉइंट) मिळतात, म्हणजे ८,६४० न्यूकॉइन जमतील. नुसते आकडे पाहणाऱ्याला पहिले तीन प्रोग्रॅम सर्वांत उदार वाटतील.

आता हे पॉइंट खर्च करून पाहू. आपल्याला हवी असलेली खोली मॅरियटमध्ये १५,००० पॉइंटांना मिळते आणि तिचे रोख भाडे ९,००० रुपये आहे असे समजू. सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे. त्यामुळे रोख देणाऱ्याला ही खोली १०,६२० रुपयांना पडेल. भागाकार केला की एका पॉइंटाचे मोल सुमारे ७१ पैसे निघते आणि वर्षाच्या कमाईतून अशी एक रात्र मिळून ४,२०० पॉइंट शिल्लक राहतात. हयातमध्ये सर्वांत खालच्या श्रेणीच्या हॉटेलातील साधी खोली अनेक वर्षे गर्दी नसलेल्या किंवा सामान्य दिवशी ५,००० पॉइंटांच्या आत-बाहेर मिळत आली आहे आणि भारतातील बरीच हयात हॉटेले खालच्या श्रेणींत बसतात. अशा खोलीचे रोख भाडे ६,५०० रुपये असेल तर करासह ६,८२५ रुपये होतात, म्हणजे एका पॉइंटाचे मोल १ रुपया ३६ पैसे झाले. पॉइंट निम्मे मिळूनही हयातच्या सदस्याच्या हाती जवळजवळ दोन रात्री आल्या.

अ‍ॅकोर आणि ताज यांचा हिशेब वेगळ्या जातीचा आहे. अ‍ॅकोरमध्ये २,००० पॉइंटांना ४० युरोची सूट हा दर ठरलेला आहे. आपल्या उदाहरणात ४,००० पॉइंटांचे ८० युरो, म्हणजे ८,००० रुपये बिलातून वजा होतील. एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया, तेव्हा ताजकडे ८,६४० रुपये जमा असतील आणि ते हॉटेलाव्यतिरिक्त क्रोमा किंवा बिगबास्केटवरही खर्च करता येतील. यात मोठा लाभ उठवण्याची संधी नाही, पण पॉइंटाचे मोल घसरण्याची धास्तीही कमी आहे. ज्यांना दर वेळी भागाकार करण्याचा कंटाळा आहे आणि मिळेल ते निश्चित मिळावे अशी इच्छा आहे, त्यांनी खुशाल या दोहोंपैकी एक निवडावा.

वरील भाडी मी उदाहरणादाखल धरली आहेत. प्रत्यक्षात करायचे काम एवढेच आहे की आपल्याला हवे ते हॉटेल आणि हवी ती तारीख अ‍ॅपमध्ये टाकावी, एकदा रोख दर करासह पाहावा, एकदा 'यूज पॉइंट्स' हा पर्याय लावून पॉइंटांचा दर पाहावा आणि रुपयांना पॉइंटांनी भागावे. हा भागाकार तीन हॉटेलांसाठी आणि तीन वेगवेगळ्या तारखांसाठी करावा. एक तारीख दिवाळीच्या सुट्टीतील, एक मे महिन्यातील आणि एक पावसाळ्यातील घ्यावी. यासाठी आधी पॉइंट असण्याची गरज नसते. माझ्या अनुभवात या नऊ भागाकारांतून जे कळते ते कोणत्याही जाहिरातीतून कळत नाही.

तारखांवर भर देण्याचे कारण असे की मॅरियट, हिल्टन आणि आयएचजी यांनी पॉइंटांच्या दरांचे ठरावीक तक्ते सोडून दिले असून तिथे पॉइंटांचा दर मागणीप्रमाणे चढतो-उतरतो. नाताळात गोव्यातील खोलीचे रोख भाडे तिप्पट झाले तर पॉइंटही वाढलेले दिसतात, मात्र ते नेहमी त्याच प्रमाणात वाढतात असे नाही, आणि नेमक्या त्या फटीत फायदा असतो. हयातमध्ये हॉटेलांच्या श्रेणी आणि गर्दीच्या दिवसांचे दर आधी जाहीर केलेले असतात, त्यामुळे किती पॉइंट जमवायचे हे सहा महिने आधी ठरवता येते. विंडहॅमचा (रमाडा वगैरे हॉटेलांची साखळी) हिशेब सर्वांत सोपा आहे, कारण तिथे रात्रीचे दर ७,५००, १५,००० आणि ३०,००० पॉइंट असे तीनच आहेत.

लांब मुक्कामाचा बेत असेल तर आणखी एक सोय मोलाची ठरते. मॅरियटमध्ये पॉइंटांवर सलग पाच रात्री घेतल्या तर त्यांतील सर्वांत स्वस्त रात्रीचे पॉइंट लागत नाहीत आणि ही सोय प्रत्येक सदस्याला आहे. हिल्टनमध्ये पाचवी रात्र अशीच मोफत मिळते, पण त्यासाठी किमान सिल्व्हर दर्जा, म्हणजे मूळ सदस्याच्या वरची पायरी, हवा.

मोफत रात्रीत काय मोफत नसते

मोफत रात्र म्हणजे सामान्यतः खोलीचे भाडे आणि त्यावरचा कर माफ होतो. न्याहारी त्यात धरलेली नसते, आणि आपल्या कुटुंबांच्या हिशेबात ही बाब मोठी आहे. पंचतारांकित हॉटेलात न्याहारीला माणशी हजार रुपये आणि त्याहून अधिकही लागतात. नवरा, बायको आणि दोन मुले असतील तर तीन दिवसांच्या न्याहारीत एका रात्रीचे भाडे सहज निघून जाते. पॉइंटांवरची खोली बहुधा दोन मोठ्या माणसांसाठी असते. आजी-आजोबा किंवा मोठी मुले बरोबर असतील तर जादा बिछान्याचे पैसे वेगळे पडतात, ते आरक्षणापूर्वी हॉटेलला फोन करून विचारून घ्यावेत. गोव्यातील अनेक रिसॉर्ट नाताळच्या आदल्या रात्री आणि ३१ डिसेंबरला मेजवानीचे सक्तीचे शुल्क आकारतात आणि ते पॉइंटांवर राहणाऱ्यांनाही भरावे लागते. त्याची रक्कम लेखी मागवावी.

याच कारणाने दर्जाचा, म्हणजे सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम या पायऱ्यांचा विचार करताना मी फक्त न्याहारीकडे पाहावे असे म्हणेन. लवकर चेक-इन, उशिरा चेक-आउट, मोठी खोली या सवलती त्या दिवशी हॉटेल किती भरले आहे यावर अवलंबून असतात. मॅरियटमध्ये गोल्ड दर्जा २५ रात्रींना मिळतो, पण न्याहारीसाठी ५० रात्रींचा प्लॅटिनम दर्जा लागतो. हिल्टनमध्ये गोल्ड दर्जालाच भारतात दोघांची न्याहारी मिळते आणि २०२६ पासून त्यांनी गोल्डची अट ४० रात्रींवरून २५ वर आणली आहे. म्हणून वर्षाला साधारण २५ रात्री बाहेर काढणाऱ्याने, त्याच्या गावी दोन्ही साखळ्यांची हॉटेले असतील तर, हिल्टनकडे झुकावे असे माझे मत आहे. वर्षाला दहा रात्रीही होत नसतील तर दर्जाचा विचार सोडून द्यावा आणि फक्त पॉइंटांचे मोल पाहावे.

अशा कमी प्रवास करणाऱ्यांनी मुदत मात्र काळजीपूर्वक पाहावी. मॅरियट, हिल्टन आणि हयात यांचे पॉइंट खात्यावर २४ महिने काहीच हालचाल झाली नाही तर बाद होतात. आयएचजीमध्ये कोणताही दर्जा नसलेल्या सदस्याला १२ महिन्यांची मुदत आहे आणि अ‍ॅकोरमध्ये ती ३६५ दिवसांची आहे. विंडहॅममध्ये १८ महिन्यांची अट आहेच, शिवाय मिळाल्यापासून चार वर्षांनी पॉइंट जातातच. वर्षाआड एकदा सहलीला जाणाऱ्या कुटुंबाला २४ महिन्यांचा प्रोग्रॅमच परवडतो.

क्रेडिट कार्ड आणि सशुल्क सभासदत्व

कमी फिरणाऱ्याला मोफत रात्र मिळवून देणारा खरा मार्ग पुष्कळदा कार्डाचा असतो. एचडीएफसी बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये मॅरियट बॉनव्हॉयचे (हे मॅरियटच्या प्रोग्रॅमचे नाव) कार्ड आणले. त्याचे वार्षिक शुल्क ३,००० रुपये अधिक जीएसटी असे ठेवले गेले आणि त्या बदल्यात १५,००० पॉइंटांपर्यंतच्या हॉटेलातील एक मोफत रात्र आणि सिल्व्हर दर्जा देऊ केला गेला. ३,५४० रुपयांत नऊ-दहा हजारांची खोली मिळणे हा चांगला सौदा आहे, पण ती रात्र मुदतीत वापरली तरच. हे कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्डचे नसून डायनर्स क्लबचे असल्यामुळे लहान दुकानांत ते चालेलच असे नाही. कार्डांच्या अटी बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी बँकेच्या संकेतस्थळावरील त्या दिवसाचा तक्ता वाचावा.

अमेरिकन एक्सप्रेस, अ‍ॅक्सिस आणि एचडीएफसी यांच्या काही कार्डांचे पॉइंट मॅरियट किंवा अ‍ॅकोर यांसारख्या हॉटेलांकडे वळवता येतात. बँकेचे पॉइंट एकदा हॉटेलकडे गेले की परत येत नाहीत, आणि बँका अदलाबदलीचे प्रमाण अधूनमधून बदलतात. म्हणून हवी ती खोली हव्या त्या तारखेला पॉइंटांवर उपलब्ध आहे हे अ‍ॅपमध्ये डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही पॉइंट वळवू नये. कार्डावरची थकबाकी महिनाअखेर पूर्ण भरली जात नसेल तर या मार्गाने जाऊच नये, कारण तीन-साडेतीन टक्के मासिक व्याजापुढे कोणताही पॉइंट टिकत नाही.

क्लब मॅरियट, ताजचे एपिक्युअर किंवा अ‍ॅकोर+ एक्सप्लोरर ही सशुल्क सभासदत्वे निराळी आहेत, त्यांची या मोफत प्रोग्रॅमशी गल्लत करू नये. त्यांत मुख्यतः जेवणावरची सवलत असते आणि जोडीला खोलीची कुपने दिली जातात. आपण त्या हॉटेलांत वर्षातून किती वेळा जेवतो याचे प्रामाणिक उत्तर ज्याच्याकडे आहे त्यानेच ती घ्यावीत. फोनवरून अशी विक्री करणाऱ्याला कार्डाचा क्रमांक सांगू नये. कुपनाच्या अटी आणि वगळलेल्या तारखा ईमेलने मागवून वाचल्यावरच पैसे भरावेत.

निवड झाल्यावर

एक मुख्य प्रोग्रॅम आणि फार तर एक दुय्यम प्रोग्रॅम ठरवावा. चार ठिकाणी पाच-पाच हजार पॉइंट विखुरले तर कुठेच रात्र पुरी होत नाही. खाते नेहमी आरक्षणाच्या आधी उघडावे. आरक्षण साखळीच्या स्वतःच्या अ‍ॅपवरून किंवा हॉटेलला फोन करून करावे, कारण मेकमायट्रिप, बुकिंग किंवा अगोडा यांच्यामार्फत घेतलेल्या खोलीवर या प्रोग्रॅममध्ये सामान्यतः पॉइंट मिळत नाहीत आणि रात्रही मोजली जात नाही. बाहेरचा दर बराच कमी असेल तर मात्र तोच घ्यावा. चारशे रुपयांचे पॉइंट मिळावेत म्हणून दीड हजार रुपये जास्त देण्यात काही अर्थ नाही. कार्यालयाचा ट्रॅव्हल डेस्क आरक्षण करत असेल तर आपला सदस्य क्रमांक त्यांच्याकडे नोंदवून ठेवावा आणि कंपनीच्या करारातील दर पॉइंटांना पात्र आहे का हे हॉटेलच्या रिसेप्शनवर विचारावे.

घरात लग्न, मुंज किंवा साखरपुडा अशा हॉटेलात होणार असेल तर ही गोष्ट विसरू नये की मोठ्या साखळ्या कार्यक्रमाच्या यजमानालाही पॉइंट देतात. एका लग्नाच्या बिलातून सहलीपुरते पॉइंट मिळू शकतात. पण त्यासाठी यजमानाचा सदस्य क्रमांक हॉल आणि खोल्यांच्या करारातच लिहिला गेला पाहिजे, कार्य उरकल्यावर मागायला गेले तर हॉटेल बांधील नसते. वऱ्हाडाच्या खोल्यांचे पॉइंट कोणाच्या नावावर जाणार, तेही त्याच करारात स्पष्ट करून घ्यावे.

पती-पत्नींची खाती वेगळी असतात. हिल्टनमध्ये घरातील व नात्यातील माणसे आपले पॉइंट एकत्र करू शकतात, मॅरियट आणि हयातमध्येही एका सदस्याकडून दुसऱ्याकडे पॉइंट देण्याची सोय आहे. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांना याचा विशेष उपयोग होतो. तिथल्या कार्डांवर पॉइंट भराभर जमतात, आणि मुलाला आपल्या पॉइंटांवर आई-वडिलांच्या नावाने खोली घेता येते. मात्र अमेरिकेतील पर्यटनस्थळी 'रिसॉर्ट फी' लागते. पॉइंटांवर राहणाऱ्याला हिल्टन आणि हयात ती माफ करतात, मॅरियट करत नाही, त्यामुळे लास वेगास किंवा हवाईचा बेत करताना हा फरक हिशेबात धरावा.

खाते उघडताना नाव आधार कार्ड किंवा पासपोर्टवर आहे त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने लिहावे. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये येते आणि लग्नानंतर कार्डांवर दोन आडनावे चालू राहतात. आरक्षणावर एक नाव आणि खात्यावर दुसरे असले की पॉइंट अडकतात. चेक-इन करताना सदस्य क्रमांक नोंदला गेला आहे याची खात्री करावी आणि निघताना खोलीच्या भाड्याचे तपशीलवार बिल ईमेलवर मागून घ्यावे. दहा-बारा दिवसांत पॉइंट दिसले नाहीत तर अ‍ॅपमधील 'मिसिंग स्टे' किंवा तत्सम अर्जात आरक्षणाचा क्रमांक, राहिल्याच्या तारखा आणि बिलाची पीडीएफ जोडून मागणी नोंदवावी. या अर्जालाही मुदत असते, त्यामुळे घरी परतल्याच्या महिन्यातच हे काम उरकावे.